गोळीची तहान ताकावर

पत्र : नमस्कार. निपाणीजवळच्या एका गावातून लिहिते आहे. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या. सात वर्षांपासून त्यांना साखर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी चालू होती आणि साखर बऱ्यापैकी आटोक्यात होती. गेल्या वेळची एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ७.१ आली होती. दोन महिन्यांपूर्वी माझ्या जाऊबाईंच्या माहेरी हळदीकुंकवाला एक बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की आतड्यात चांगले जंतू वाढले की साखर आपोआप उतरते, गोळीची गरजच राहत नाही. रोज सकाळी तांब्याभर नाचणीची आंबील, दुपारी दही, रात्री ताक, आणि जोडीला त्यांच्याकडच्या प्रोबायोटिक कॅप्सूल, महिन्याला दोन हजारांच्या. गोळ्या हळूहळू सोडा म्हणाल्या होत्या, सासूबाईंनी एकदम सोडल्या. सहा आठवडे झाले. परवा आशाताईंनी घरी येऊन तपासलं तर उपाशीपोटी १९६. सासूबाई म्हणतात, "अगं, जंतू बसायला वेळ लागतोय की. आधी वाढते, मग उतरते, असं सांगितलंय त्यांनी." आमचे हे म्हणतात, आईच्या मनाविरुद्ध काही नको. सरकारी दवाखान्याचं कार्ड कन्नडमध्ये असतं, ते सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून डॉक्टर काय म्हणाले ते मीच सांगते. सुनेचं सांगणं किती पटणार? या आंबवलेल्या पदार्थांत खरंच काही आहे का? कॅप्सूल चालू ठेवायच्या का? त्यांना न दुखावता सांगू कसं? आणि एक माझं. दुसऱ्या बाळंतपणात मलाही साखर निघाली होती, नंतर गेली. मी दही-ताक नेमाने खाल्लं तर मला पुढे होणार नाही ना?
– एक सून

उत्तर : ताई, आंबील-दह्याचं मागाहून बोलू. आधी १९६ चं बोलू.

सहा आठवडे गोळी बंद आणि उपाशीपोटी एवढा आकडा, म्हणजे आता चांगला दिवस बघत बसायची वेळ नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आज रात्री घाबरून जावं असा हा आकडा नाही, पण असाच राहिला तर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा आतून पोखरत जातो. दुखत काही नाही, म्हणून कळतही नाही. डब्यात उरलेली गोळ्यांची जुनी पट्टी काढून आपल्या मनाने मात्र सुरू करू नका. नुसतं मेटफॉर्मिन असतं तर गोष्ट वेगळी होती, पण जोडीला ग्लिमेपिराइड आहे. ते स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. जेवण कमी पडलं किंवा उशीर झाला की साखर ७० च्या खाली घसरू शकते, दरदरून घाम येतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मधल्या काळात त्यांचं खाणं बदललंय, कदाचित वजनही. किती मात्रेने पुन्हा सुरू करायचं हे डॉक्टरांनीच ठरवू दे. जायला दोन दिवस लागणार असतील तर निदान फोन करून विचारा. आणि मधल्या वेळात खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, गुंगी असं काही दिसलं किंवा मीटरवर ३०० च्या वर आकडा आला, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

"आधी वाढते, मग उतरते" हे कोणत्याही वैद्यकशास्त्रात नाही. गोळी बंद केली म्हणून साखर वाढली, इतकं ते सरळ आहे. या वाक्यातली चलाखी मात्र ओळखून ठेवा. साखर उतरली तर कॅप्सूलचा गुण, वाढली तर गुण यायला सुरुवात झाली. असं औषध कधी हरतच नाही, आणि विकणाऱ्याला कधी जाब द्यावा लागत नाही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तुमच्या पत्रात सासूबाईंची काळजी आहेच, पण "या पदार्थांत खरंच काही आहे का" असं विचारताना तुम्हालाही थोडं कुतूहल आहे. असायला हरकत नाही. त्या बाईंनी सगळं खोटंच सांगितलं असं मी म्हणणार नाही. खऱ्याच्या चिमटीवर खोट्याचं पोतं ठेवलंय, एवढंच.

खरं काय ते सांगते. आपल्या मोठ्या आतड्यात लाखो कोटी जंतू राहतात. आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे कडधान्यांची सालं, ज्वारीचा कोंडा, पालेभाज्यांचे धागे, हे त्यांचं अन्न. ते खाऊन ते ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी छोटी आम्लं तयार करतात. त्या आम्लांमुळे आतड्याच्या पेशींतून जीएलपी-वन नावाचं संप्रेरक सुटतं. ते इन्सुलिनला हात देतं, पोट सावकाश रिकामं होऊ देतं, भूक आवरतं. हल्ली वजन आणि साखर उतरवणारी जी महागडी इंजेक्शनं गाजतायत, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. शिवाय आतड्याचं अस्तर धड राहिलं की जंतूंचे विषारी अंश रक्तात कमी उतरतात, अंगातली बारीक सूज कमी राहते, आणि इन्सुलिन नीट लागू पडतं. तेव्हा जंतूंचा आणि साखरेचा संबंध आहे, यात वाद नाही.

पण घोडं पेंड खातं ते इथेच. हे काम करणारे जंतू पोटात कायमचे वस्तीला असलेले. दह्या-ताकातून जाणारे ते बाहेरचे. मार्गशीर्षी पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर लाखो माणसं जमतात, पण म्हणून सौंदत्तीची लोकसंख्या वाढत नाही. यात्रा झाली की गाड्या परत फिरतात. दह्यातले जंतू असेच. जाता जाता थोडंफार काम करतात, आणि दही बंद केलं की काही दिवसांत बहुतेकांच्या पोटातून नाहीसे होतात. सासूबाईंना सांगायचं तर, ते बसायला वेळ लागत नाहीये, ते बसायला आलेलेच नाहीत.

"मग त्यावर संशोधन झालंय म्हणतात ते काय?" असं त्या विचारतील. झालंय. मधुमेहींना प्रोबायोटिक देऊन केलेल्या लहान-मोठ्या चाचण्या पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांची गोळाबेरीज केली तर साखरेत थोडा उतार दिसतो, पण जंतूची जात बदलली, मात्रा बदलली की निकालही बदलतो. आणि बहुतेक चाचण्यांत रोग्यांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या, हे कॅप्सूल विकणारा कधी सांगत नाही. बेल्जियममध्ये २०१९ साली ॲकरमॅन्सिया नावाच्या जंतूची लठ्ठ माणसांवर छोटी चाचणी झाली. तीन महिन्यांनी इन्सुलिन अधिक चांगलं लागू पडायला लागलं, पण गंमत अशी की जिवंत जंतूंपेक्षा तापवून मारलेल्या जंतूंचा गुण जास्त दिसला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हाच जंतू धरून पाच जातींचं मिश्रण मधुमेहींना १२ आठवडे दिलं, तेव्हा जेवणानंतरची साखर उतरली. ती चाचणीही लहान, आणि करणारी कंपनी ते मिश्रण विकणारीच. मुख्य म्हणजे ॲकरमॅन्सिया आतड्याच्या बुळबुळीत अस्तरात राहतो. तो आपल्या विरजणात नसतो, आंबिलीत नसतो, आणि हळदीकुंकवाला मिळणाऱ्या डबीत असेल असं मला वाटत नाही.

आता सासूबाईंसाठी हुकमी पान देते. मेटफॉर्मिन स्वतः आतड्यातले जंतू बदलतं. २०१७ मध्ये युरोपात, ज्यांनी आधी साखरेची कुठलीच गोळी घेतली नव्हती अशा नव्या मधुमेहींना चार महिने मेटफॉर्मिन दिलं, तर त्यांच्या आतड्यातल्या कितीतरी जंतूंचं प्रमाण बदललं. ते बदललेले जंतू उंदरांच्या पोटात सोडले तर उंदरांनाही साखर जास्त चांगली पेलायला लागली. म्हणजे जंतूंवर ज्यांची एवढी श्रद्धा, त्यांनी नेमकी जंतूंना वळण लावणारी गोळी टाकून दिली. हे त्यांना हसत हसत सांगा, टोमणा मारून नको.

तांब्याकडे येऊ. मला सगळ्यात जास्त खटकला तो तांब्याच.

आंबील तुमच्याकडे कशी होते ते मला ठाऊक आहे. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात, थोडं ताक घालून भिजत ठेवायचं. सकाळी आंबूस वास सुटला की आधणाच्या पाण्यात सोडून, गुठळ्या होऊ न देता घोटायचं. मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. निवली की वरून ताक. एका माणसाच्या तांब्याला अर्धी-पाऊण वाटी पीठ सहज लागतं, म्हणजे ५०-६० ग्रॅम. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, तेव्हा त्या तांब्यातून ३५-४० ग्रॅम पोटात गेली. एक चांगली जाडजूड भाकरी झाली ही. आणि भाकरी चावावी लागते, तिच्याबरोबर भाजी-आमटी असते, खायला वेळ जातो. आंबील बारीक दळलेली, शिजून लापशी झालेली, दोन मिनिटांत घशाखाली. साखर चढायला याहून सोपी वाट नाही. रात्रभर आंबवताना जंतू त्यातली थोडी साखर खातात, पण पिठातला स्टार्च जवळजवळ तसाच राहतो. आता मला सांगा, तांब्याभर आंबील प्यायल्यावर सासूबाई नेहमीचा नाश्ता सोडतात का? माझा अंदाज, पोहे किंवा चहा-चपाती तशीच चालू आहे. आंबील 'औषध' म्हणून वरून आली आहे. गोळी गेली आणि भाकरीएवढा स्टार्च वाढला, मग १९६ वर थांबली हेच नशीब.

एवढं सगळं म्हणून मी आंबील बंद करा असं म्हणणार नाही. आंबवल्याने नाचणीतलं फायटेट कमी होतं, त्यामुळे तिच्यातलं लोह आणि कॅल्शियम अंगाला जास्त लागतं, आणि ६१ व्या वर्षी बाईमाणसाला दोन्ही हवीत. आंबूसपणा म्हणजे लॅक्टिक आम्ल, त्याने स्टार्च जरा सावकाश पचतो. पण ते तांब्याने नाही, वाटीने. आणि नाश्त्यावर नाही, नाश्त्याच्या जागी. आंबवलेलं खायचं ते गोळीच्या जागी नव्हे, ताटातल्या दुसऱ्या कशाच्या तरी जागी, हे एकदा ठरलं की निम्मे घोळ मिटतात. आणि जिवंत जंतू हवेच असतील तर ते शिजलेल्या पिठात नाहीत, वरून घातलेल्या ताकात आहेत. आंबील कोमट झाल्यावर ताक घाला. वाफा येत असताना घातलं तर तेही गेले.

आणि नुसती आंबील कशाला? यल्लम्माहून आलं की घरात नैवेद्य कसला असतो? आंबील आणि घुगऱ्या. ती जोडी कुणी बांधली ठाऊक नाही, पण साखरेच्या दृष्टीने इतकी नेमकी जोडी मला आहारशास्त्राच्या पुस्तकात शोधून सापडली नसती. आंबील साखर चढवते, घुगऱ्या तिला लगाम घालतात. हुलगे, मटकी, चवळी, हरभरा, जे असेल ते मोड आणून, उकडून, वर कांदा आणि कच्ची मेथी. कडधान्यातला चोथा मोठ्या आतड्यात पोचतो, आणि वस्तीला असलेल्या जंतूंचं खरं जेवण तेच. चीनमध्ये २०१८ साली मधुमेहींना भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेच्या चोथ्याचा आहार देऊन पाहिला तर ब्युटिरेटसारखी आम्लं बनवणाऱ्या ठराविक जाती वाढल्या, आणि ज्यांच्यात त्या जास्त वाढल्या त्यांची एचबीएवनसी जास्त सुधारली. त्या लोकांना जंतू खायला दिले नव्हते. घरच्या जंतूंना खायला दिलं होतं. भाकरीबरोबर कांद्याची पात, मेथी, मुळा कच्चा खायची आपल्याकडची पद्धत आता लग्नाच्या जेवणातूनच नाही, घरातूनही चालली आहे. तुमच्या घरी असेल तर सोडू नका.

बाकी पदार्थांचं झटपट सांगते, कारण यादी मोठी आहे आणि भानगड एकच. इडली, डोसा, आंबोळी, आप्पे हे सगळे आंबवलेले, पण तव्यावर आणि वाफेवर जंतू मरतात, आणि उरतं तांदळाचं बारीक पीठ. एका मध्यम इडलीत ८ ते १२ ग्रॅम कर्बोदकं धरा. दोन इडल्या आणि वाटीभर घट्ट सांबार ठीक, सहा इडल्या चटणीबरोबर नकोत. कढी उकळली की तिच्यातलेही जंतू गेले, चवीला उत्तम. आपलं आंब्याचं लोणचं तेला-मिठावर टिकतं, त्यात जंतू वाढू नयेत म्हणूनच तर एवढं मीठ घालतो. रक्तदाब असेल तर फोड नाही, नुसता खार बोटावर. आणि जिलेबीचं पीठही आंबवलेलंच असतं बरं का. जिलेबी-मठ्ठा म्हणजे दोन्ही आंबवलेलं. प्रोबायोटिक म्हणून जिलेबी खाणारा मला अजून भेटला नाही, पण हल्लीच्या आरोग्याच्या व्हिडिओंचा वेग पाहता भेटेल.

दही मात्र खुशाल. वाटीभर घरच्या दह्यात ४-५ ग्रॅम कर्बोदकं आणि ३-४ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे साखरेला जवळजवळ धक्का नाही. जेवणात भाताचा एक डाव कमी करून त्या जागी दही आलं तर फायदाच आहे. साखर घालून नको. दुकानातली गोड, फळांच्या स्वादाची 'प्रोबायोटिक' पेयं घ्यायची झाली तर बाटली उलटी करून साखरेचा आकडा वाचा. ५ ग्रॅम म्हणजे एक चमचा असा हिशेब करा, आणि मग ती बाटली परत फळीवर ठेवा. रात्री ताक घेतात त्याला माझी ना नाही, मीठ बेताने.

कॅप्सूल. प्रोबायोटिक म्हणवून घ्यायला जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत, आणि त्यांनी फायदा होतो हे सिद्ध झालेलं हवं. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेने ठरवलेली ही व्याख्या आहे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत वेष्टनावर जंतूची प्रजाती, जाती आणि वाण (स्ट्रेन), मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जंतूंची संख्या, आणि डबी कुठे, किती थंड ठेवायची, हे छापावं असं म्हटलंय. सासूबाईंची डबी घ्या आणि यातलं काय काय छापलंय ते बघा. नुसतं 'गुड बॅक्टेरिया' आणि हिरवं पान असेल, तर दोन हजार रुपये त्या पानाचे. बहुतेक धडधाकट माणसांना अशा कॅप्सूलने अपाय होत नाही, पण सासूबाईंना प्रतिकारशक्ती दडपणारं काही औषध चालू असेल तर जिवंत जंतू डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. डबी डॉक्टरांकडे बरोबर न्या. महिन्याचे दोन हजार वाचले तर त्यात ग्लुकोमीटर येतो, पट्ट्या येतात, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून होतो. सरकारी दवाखान्यात मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या फुकट मिळतात, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

आता सांगायचं कसं. तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. डॉक्टरांचं कार्ड कन्नडमध्ये, चिठ्ठी इंग्रजीत, आणि त्या बाई मराठीत बोलल्या, शेजारी बसून, हातात हळदीकुंकू देऊन. सात वर्षांत डॉक्टरांशी त्यांचं थेट किती बोलणं झालं असेल? सगळं सुनेच्या तोंडून. सीमाभागात कितीतरी घरांत हेच आहे, आणि लोक गोळ्या का सोडतात याचं मोठं कारण मला यातच दिसतं. यात राजकारण आणू नका, उपाय घरगुती आहे. या वेळी तुम्ही मध्ये बोलू नका. निपाणी-चिकोडीकडे मराठी समजणारे डॉक्टर, नर्स, औषधवाले मिळतात. सासूबाईंना स्वतः विचारू द्या, उत्तर त्यांच्याच कानांनी ऐकू द्या. मग एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून तो डब्याजवळ चिकटवा: कोणती गोळी, जेवणाआधी की नंतर, भोवळ आली तर काय खायचं, कोणाला फोन. आणि बरोबर यजमानांनी जावं. "आईच्या मनाविरुद्ध नको" हे म्हणायला सोपं आहे, कारण आईची साखर रोज बघायला ते नसतात, तुम्ही असता. मुलाने एक सकाळ मोडून दवाखान्यात शेजारी बसणं, एवढं तर जमेल.

जाऊबाईंवर घसरू नका. त्यांच्या माहेरी हे घडलं, एवढाच त्यांचा संबंध, आणि त्यांच्या माहेरच्या नावाने वाद निघाला की सासूबाई हट्टाला पेटतील. "आंबील बंद" असंही म्हणू नका. "आत्या, आंबील चालू ठेवू, फक्त घुगऱ्या लावून करू" असं म्हणा. हाक तुमच्याकडे जी असेल ती.

गोळी पुन्हा सुरू होऊन आठवडाभर स्थिर झाल्यावर एक प्रयोग करा. एका सकाळी त्या तांब्याभर आंबील पितील. आधी आणि पहिल्या घोटापासून दोन तासांनी बोटातून थेंब घेऊन मीटरवर बघा. दुसऱ्या सकाळी वाटीभर आंबील, वाटीभर घुगऱ्या, बाकी काही नाही, पुन्हा तसंच. दोन्ही दिवशी गोळी त्याच वेळी, कामही सारखंच. आकडे त्यांनाच वहीत लिहू द्या. जेवणानंतर १८० च्या आत राहावी असं साधारण धरतात. त्यांच्या वयाला आणि प्रकृतीला किती चालेल ते डॉक्टर सांगतील. माझ्या किंवा तुमच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या अक्षरातला आकडा त्यांना जास्त पटेल. तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा, त्याआधी केलीत तर बदल पुरता दिसणार नाही, कारण ती तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. सात वर्षं मेटफॉर्मिन चालू होतं, तेव्हा बी-१२ ची पातळी एकदा बघायला सांगा, ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की कमी होऊ शकते. हातापायांना मुंग्या येत असतील तर आवर्जून सांगा.

आता तुमचं. बाळंतपणातली साखर "नंतर गेली" हे अर्धंच खरं आहे. अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतो, आणि तो काही वर्षांनी, काहीही न जाणवता येतो. दह्याने तो टळेल का? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये दह्याच्या वेष्टनावर एक वाक्य छापायला परवानगी दिली, की आठवड्याला निदान दोन कप दही नेमाने खाल्ल्यास मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो. पण त्याच वाक्यात 'मर्यादित पुराव्यानुसार' असं लिहिणं बंधनकारक केलं, आणि परवानगी मागणारी होती दही विकणारी कंपनी. आठवड्याला दोन कप दही आपल्या घरात तसंही होतं. ते खा, त्यावर विसंबू नका. ज्याचा पुरावा भक्कम आहे ते कमी चटपटीत आहे. साखर काठावर आलेल्या लोकांवर झालेली मोठी अमेरिकन चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि वजन ७ टक्के उतरवणं हे लक्ष्य दिलेल्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. बाळंतपणात साखर होऊन गेलेल्या बायकांनाही त्याचा चांगला उपयोग झाला. घरात दिवसभर उभं राहणं झालं म्हणजे चालणं झालं असं मात्र समजू नका.

सासूबाईंना घेऊन जाल त्याच दिवशी तुम्हीही उपाशीपोटी रक्त द्या, आणि डॉक्टरांना आपणहून सांगा की दुसऱ्या बाळंतपणात साखर होती. ते विचारतीलच असं नाही, आणि जुनी फाईल बहुधा माहेरी असेल. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आली तर तुम्ही काठावर आहात. १०० च्या आत आली तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासत राहायचं, आणि तिसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस जायच्या आधी.